शोधनिबंधातील सिद्धांत कोणाचा?

धम्म आणि हक्क यांच्या चर्चेला वाहिलेल्या पाक्षिकात शोधनिबंधाच्या एका लहानशा भागासंबंधी मजकूर यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विद्यापीठाचा विषय विद्यापीठात राहू द्यावा, आपल्याला त्याचे काय, असेही कोणी म्हणेल. परंतु वाचकहो, ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी अक्षराला प्रवेश नव्हता, त्या घरांतील मुले-मुली आज चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत शोधनिबंध लिहीत आहेत. २०११ साली नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि संशोधनाची वाट जंगलाच्या दारापर्यंत आली. ही मुले कोणाविषयी लिहितात? बहुधा आपल्याच लोकांविषयी. वनहक्काचे दावे, तेंदूपत्त्याची मजुरी, धानाची शेती, मुलींचे शिक्षण, १९५६ चे धर्मांतर, हे त्यांचे विषय. तेव्हा ती कोणत्या दृष्टीने लिहितात, हा प्रश्न केवळ परीक्षकांचा राहत नाही. ज्यांच्याविषयी लिहिले जाते, त्यांचाही तो प्रश्न होतो.

जकात भरल्यासारखी चौकट

शोधनिबंधात प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, अभ्यासाची पद्धती, माहितीचे विश्लेषण आणि निष्कर्ष असे भाग असतात. त्यांतच 'सैद्धांतिक चौकट' नावाचा एक भाग असतो. त्याची आज काय अवस्था आहे? पहिल्या परिच्छेदात मार्क्स, दुसऱ्यात वेबर, तिसऱ्यात दुर्खीम, चौथ्यात कोणा परदेशी प्राध्यापकाचा एक सिद्धांत, आणि शेवटी 'प्रस्तुत अभ्यास वरील सिद्धांतांच्या आधारे करण्यात आला आहे' हे ठराविक वाक्य. पुढे विश्लेषणात या चौघांपैकी एकाचेही नाव पुन्हा येत नाही. नाक्यावर जकात भरावी आणि गाडी पुढे हाकावी, तसा हा प्रकार होय. आता तर संगणकाला विषय सांगितला की घटकाभरात अशी चौकट तयार होऊन मिळते, आणि ती नेमकी याच साच्याची असते.

याचे खापर विद्यार्थ्यांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. हा भाग कशासाठी लिहावयाचा, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ते येथे सरळ शब्दांत सांगतो. 'अमुक गोष्ट का घडते' या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर म्हणजे सिद्धांत. अशा उत्तरांपैकी मी कोणते स्वीकारले आणि कोणते नाकारले, माझ्या मुख्य शब्दांचा मी काय अर्थ धरला, आणि माझे उत्तर खरे असेल तर गावात गेल्यावर मला काय दिसावयास हवे, याचे गावात जाण्यापूर्वी केलेले लेखी निवेदन म्हणजे सैद्धांतिक चौकट.

बुद्धाच्या अनुयायाला ही गोष्ट परकी वाटू नये. कारणावाचून कार्य नाही, हाच प्रतीत्यसमुत्पादाचा बोध आहे. माणसाच्या दुःखाचे कारण ईश्वरेच्छेत व दैवात शोधणाऱ्यांना तथागताने माणसाच्या व्यवहाराकडे पाहावयास शिकविले. अस्पृश्याच्या दैन्याचे कारण त्याचे पूर्वजन्मीचे पाप होय, हाही एक सिद्धांतच होता. आणि शतकानुशतके या देशाने आपल्याकडे त्याच चौकटीतून पाहिले. चुकीचा सिद्धांत माणसाचे किती नुकसान करू शकतो, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

एकच घर, तीन निष्कर्ष

समजा, जंगलाला लागून असलेल्या एका गावात एक बौद्ध कुटुंब वनजमिनीच्या तुकड्यावर धान पिकविते. त्याने वनहक्काचा दावा केला आणि तो नामंजूर झाला. या एकाच घरी तीन विद्यार्थी गेले.

पहिल्याच्या मनात जाणीवजागृतीचा सिद्धांत आहे. तो विचारतो, तुम्ही किती शिकला, कायद्याची माहिती आहे काय, अर्ज कोठे मिळतो हे ठाऊक होते काय? त्याचा निष्कर्ष ठरलेला: अज्ञानामुळे दावा पडला, उपाय, मार्गदर्शन शिबिर. दुसऱ्याच्या मनात आदिवासी आणि बिगरआदिवासी अशी दोनच खण असलेली पेटी आहे. त्या पेटीत हे भूमिहीन कुटुंब व्यापारी, ठेकेदार आणि सावकार यांच्या खणात जाऊन पडते. त्याचा निष्कर्ष: बिगरआदिवासींचे जंगलावरील आक्रमण. तिसरा श्रेणीबद्ध विषमतेचा सिद्धांत घेऊन जातो. तो विचारतो, या गावचे कागद पूर्वी कोण लिहीत असे? त्यात कोणाचे नाव चढे आणि कोणाचे चढत नसे? वनहक्क समितीत कोण बसले आहे? कोणत्या वस्तीतील वृद्धाची साक्ष खरी मानली जाते?

घर तेच, माणसे तीच, उत्तरेही खरी. तिघांपैकी कोणी खोटे लिहिलेले नाही. परंतु निष्कर्ष तीन निघाले, कारण प्रश्न तीन प्रकारचे होते. आणि ते प्रश्न चौकटीने आधीच ठरविले होते. ज्याने चौकट न तपासता उसनी घेतली, त्याचा निष्कर्ष त्याने नव्हे, दुसऱ्याच कोणी लिहिलेला असतो.

नुसता शब्दही सिद्धांताचे काम करतो. आपल्या भागात अशा शेतीला 'जबरानजोत' म्हणतात. जबरदस्तीने केलेली जोत, असा त्या शब्दाचा अर्थ. सरकारी कागदात तिला 'अतिक्रमण' म्हणतात. उलट अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा २००६ चा कायदा आपल्या उद्देशिकेतच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य करतो. ज्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधाच्या शीर्षकात 'अतिक्रमणधारक शेतकरी' असे लिहिले, त्याने एकही सिद्धांतकार न वाचता वनखात्याचा सिद्धांत स्वीकारलेला असतो. हे त्याने जाणून केले तर गोष्ट वेगळी; न जाणता केले तर ती गुलामगिरी होय.

१९१६ चा वस्तुपाठ

चौकट कशी लिहावी याचा वस्तुपाठ शोधण्यासाठी आपल्याला परदेशी पाठ्यपुस्तकांकडे जाण्याची गरज नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींसंबंधी एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्या निबंधाचा विषय. आपल्या घरोघरी बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत. पण हा निबंध शोधनिबंध म्हणून, त्याच्या रचनेकडे लक्ष देऊन, किती जणांनी वाचला असेल?

त्यांनी काय केले ते क्रमाने पाहा. प्रथम जातीची व्याख्या करणाऱ्या चार विद्वानांना त्यांनी पुढे घेतले: फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, सर हर्बर्ट रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाची व्याख्या मांडून ती तपासली. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. बाबासाहेब म्हणतात, विटाळ हे जातीचेच खास लक्षण नव्हे, पुरोहिती कर्मकांड जेथे आहे तेथे तो असतोच. नेसफील्ड रोटीबंदीला जातीचे लक्षण मानतात. त्यावर उत्तर, हा परिणाम आहे, त्याला कारण समजण्याची चूक झाली. रिस्ले यांच्याकडे नवे असे त्यांना काही आढळत नाही. केतकरांना ते मान देतात, कारण केतकरांनी जातीचा विचार एकटीदुकटी जात घेऊन न करता व्यवस्थेच्या संबंधात केला. परंतु जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी ही केतकरांची दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही ते दाखवून देतात.

चौघांच्या व्याख्या चाळल्यावर हाती एकच बीज उरते: जातीअंतर्गत विवाह. येथून पुढे खरी चौकट सुरू होते. जातीअंतर्गत विवाह टिकवावयाचा असेल तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागेल. पती किंवा पत्नी यांपैकी एक आधी मेला की दुसरा 'जास्तीचा' होईल. त्या जास्तीच्या माणसाची काही तरी व्यवस्था करणे भाग पडेल. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली कशासाठी आल्या, याचा उलगडा त्याच एका सूत्रातून होतो. आणि एका गटाने दार लावून घेतल्यावर जात इतरांत कशी पसरली, हे सांगण्यासाठी ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ टार्ड यांचा अनुकरणाचा सिद्धांत घेतात. तोही नावापुरता नव्हे, तर तो येथे लागू पडतो काय हे पडताळून.

वाचकहो, यात शोभेचे एकही नाव नाही. जो विद्वान पुढे आणला त्याच्याकडून काही काम करून घेतले, किंवा त्याची चूक दाखवून त्याला निरोप दिला.

याच १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. आपल्या भागासंबंधी लिहिणारे विद्यार्थी आजही त्या ग्रंथातून उतारे घेतात. त्यात माहितीचा मोठा साठा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याची मुख्य मांडणी कोशासारखी आहे: इंग्रजी वर्णक्रमाने एकेक जात, एकेक जमात, तिची उत्पत्तिकथा, तिचे विवाहविधी, तिचा व्यवसाय. गोंड एका खंडात, महार दुसऱ्या खंडात. जणू दोघे एकाच मालगुजाराच्या गावात राहत नव्हते! बाबासाहेबांचा निबंध नेमके याच्या उलट सांगतो. एकटी जात ही वस्तूच नाही. जाती असतात त्या अनेकवचनी, एकमेकींच्या संबंधातच. त्या ग्रंथातून माहिती खुशाल घ्यावी. पण माहितीबरोबर तिची खणांची पेटीही आपण उचलून आणीत आहो काय, हे तपासून पाहावे.

धर्मांतर आणि उसने सिद्धांत

आता आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबर रोजी बॅ. राजाभाऊ खोबरागडे यांच्या चांदा शहरी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या घटनेवर निबंध लिहिणाऱ्यापुढे दोन तयार सिद्धांत ठेवले जातात.

पहिला, प्रा. श्रीनिवास यांचा संस्कृतीकरणाचा. कूर्ग प्रदेशावरील १९५२ च्या ग्रंथात त्यांनी तो मांडला. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार, विधी व देवदेवता उचलून आपले स्थान उंचावू पाहतात, असा त्याचा आशय. काही जातींच्या काही हालचाली त्याने उलगडतातही. परंतु दीक्षाभूमीवर काय झाले? लोकांनी वरच्यांचे देव व विधी उचलले नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेऊन ते जाहीरपणे सोडून दिले. त्यांनी शिडीवरची वरची पायरी मागितली नाही, शिडीच नाकारली. जो सिद्धांत या घटनेच्या नेमके उलट दिशेला बोट दाखवितो, तो 'आधार' म्हणून छापण्यात काय अर्थ?

दुसरा सिद्धांत लाभाचा: सवलतींसाठी माणसे धर्म बदलतात. हा सिद्धांत खरा असता तर काय दिसावयास हवे होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या होत्या. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षा घेणारा माणूस सवलती मिळवीत नव्हता, गमावीत होता. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने मात्र त्यांना अनुसूचित जातींत घेण्यास १९९० साल उजाडू दिले. लाभाच्या सिद्धांताप्रमाणे पाहिले तर धर्मांतर मुळातच थंडावावयास हवे होते. प्रत्यक्षात १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात जे बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, ते १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजारांवर गेले. तोटा समोर दिसत असताना लक्षावधी गरीब माणसांनी आपला धर्म शिरगणतीदाराला सांगितला. या वस्तुस्थितीपुढे लाभाचा सिद्धांत उभा राहू शकत नाही.

दोन्ही सिद्धांतांना आम्ही शिवी दिलेली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते खरे असते तर काय दिसले असते, एवढेच विचारले, आणि जे दिसले ते शेजारी ठेवले. चौकटीच्या भागात विद्यार्थ्याने एवढेच करावयाचे असते.

कायद्यातील पुरावा

येथवरची चर्चा पुस्तकी वाटली असेल, तर आता तिचा पोटापाण्याशी असलेला संबंध पाहू. वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराने तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलात राहत असून त्यावर अवलंबून असल्याचे दाखवावयाचे असते. 'इतर पारंपरिक वन निवासी' या वर्गातील दावेदाराला मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलातील गावांत राहणारा बौद्ध या दुसऱ्या वर्गात येतो. ही अट वास्तव्याची आहे, त्याच जमिनीच्या तुकड्यावरील कब्ज्याची नव्हे. परंतु हा भेद गावोगाव समजावून कोण सांगणार?

पंचाहत्तर वर्षे मागे गेले की १९३० साल येते. त्या काळी हा मुलूख मालगुजारांचा आणि अहेरीसारख्या जमीनदारांचा होता. मालगुजारी संपली १९५१ साली. चांदा जिल्हा मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. इतक्या राजवटींच्या दप्तरांतून, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या, हातमागावर विणणाऱ्या, गावाची कोतवाली करणाऱ्या माणसाने आपल्या आजोबाचे नाव शोधून आणावे, अशी ही अपेक्षा आहे.

परंतु याच कायद्याखालील २००८ च्या नियमांत तेरावा नियम आहे, आणि तो आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचला पाहिजे. पुरावा म्हणून काय चालेल याची यादी त्यात आहे. शिरगणती, गॅझेटियर, निस्तारपत्रक, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती यांच्याबरोबरच घर, बांध, जमिनीची केलेली सपाटी या डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा आहेत. दावेदाराखेरीज इतर वृद्धांचा लेखी नोंदविलेला जबाब आहे. आणि मान्यवर संस्थांनी केलेले संशोधनपर अभ्यासही आहेत! २०१२ च्या दुरुस्तीने तर अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांनी धरू नये, असे स्पष्ट केले. म्हणजे उद्या एखादा अभ्यास दाव्याच्या कागदांत जाऊन बसू शकतो. त्यात आपल्या वस्तीची नोंद 'बिगरआदिवासी अतिक्रमक' अशी असेल, तर तो कोणाच्या बाजूने बोलेल? दावा नामंजूर होण्याचा अर्थ काय, हे देशाने फेब्रुवारी २०१९ मध्ये पाहिले. त्या महिन्याच्या १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला, आणि पंधरा दिवसांनी, २८ तारखेला, तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत जंगलातील माणसाच्या घरी झोप कशी आली असेल?

तेव्हा या विषयावरची चौकट कशी लिहावी? प्रथम, प्रचलित उत्तरे मांडावीत: अज्ञान, कागदांचा अभाव, वनखात्याचा ताबा, आणि जातीची श्रेणी. दुसरे, 'पुरावा' आणि 'वास्तव्य' या शब्दांचा आपण धरलेला अर्थ सांगावा. तिसरे, अपेक्षा लिहावी. श्रेणीबद्ध विषमता हे खरे कारण असेल तर वास्तव्य सारखे, शिक्षण सारखे असूनही खालच्या मानलेल्या वस्तीचे दावे पुराव्याच्या पायरीवर अधिक प्रमाणात पडलेले दिसतील, आणि त्या वस्तीतील वृद्धांच्या जबाबाला कमी वजन मिळालेले दिसेल. चौथे, आपले उत्तर कशाने चुकीचे ठरेल तेही लिहावे. कुणबी, तेली, ढीवर आणि बौद्ध यांचे दावे सारख्याच प्रमाणात पडलेले आढळले, तर दोष गावातील श्रेणीचा नसून पंचाहत्तर वर्षांच्या अटीचा म्हणावा लागेल. आणि ही अट ज्याला मुळीच नाही त्या गोंड किंवा माडिया कुटुंबाचा दावाही तितकाच पडत असेल, तर कारण वनखात्याच्या ताब्यात शोधावे लागेल.

या शेवटच्या शक्यतेकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. आदिवासी आणि बौद्ध यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून रंगविणारी चौकट सोयीची आहे, पण ती कोणाच्या सोयीची? श्रेणीबद्ध विषमतेचे मर्मच हे, की ती पिडलेल्यांनाही एकमेकांच्या वर-खाली बसविते आणि त्यांची एकजूट होऊ देत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, प्रत्येक प्रश्नाची गावातच चर्चा करून २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. विद्यापीठाबाहेर, जंगलातील माणसांनी केलेले ते सिद्धांतनच होते. त्यापासून शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटता कामा नये.

बाबासाहेबांची पोथी करू नका

येथे एक धोका सांगणे आमचे कर्तव्य आहे. मार्क्स व वेबर यांच्या जागी बाबासाहेबांचे नाव घातले की चौकट आपली झाली, अशी समजूत पसरते आहे. 'बाबासाहेबांनी असे म्हटले आहे' हे वाक्य श्रद्धेचे म्हणून ठीक. ते सिद्धांताचे वाक्य नव्हे. ज्या पुरुषाने वेदप्रामाण्य झुगारले, त्याच्याच ग्रंथाला वेद करणे हा त्याचा गौरव नव्हे.

१९१६ च्या त्या निबंधाचा शेवट काढून पाहा. आपले मत अंतिम आहे असा दावा बाबासाहेब तेथे करीत नाहीत. ते टिकत नाही असे कोणी दाखविले तर ते सोडून देण्याची तयारी ते जाहीर करतात. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने पुरस्कारिलेल्या चलनपद्धतीवर टीका केली. आणि त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला मतभेद नोंदवूनही शिष्याच्या बुद्धीला दाद दिली. शिष्य गुरूला भ्याला नाही, गुरू शिष्यावर रुष्ट झाला नाही. विद्येचा व्यवहार असा असतो. आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांनीही हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

केसपुत्ताच्या कालामांना तथागताने परंपरेवर, ग्रंथावर किंवा गुरूवरही केवळ तो गुरू आहे म्हणून विसंबू नका असे सांगितले, ते आपण प्रवचनात ऐकतो. तराफ्याचा दृष्टांतही आपल्याला ठाऊक आहे: नदी ओलांडण्यासाठी तराफा बांधावा, पैलतीरी पोचल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडू नये. सिद्धांताचे तसेच आहे. तो प्रश्नाच्या पलीकडे नेतो काय, हे पाहावे. मार्क्स नेत असेल तर मार्क्स घ्यावा; परका म्हणून टाकू नये. बाबासाहेबांचे एखादे सूत्र एखाद्या गावात लागू पडत नसेल, तर तसे पुराव्यानिशी लिहिण्याचे धैर्य असावे. ते लिहिणारा विद्यार्थी बाबासाहेबांचा द्रोही ठरत नाही. त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने तो चालत असतो.

काय करावे?

शोधनिबंध लिहिणाऱ्या आपल्या प्रत्येक तरुणाने व तरुणीने चौकटीचा भाग लिहिण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. मी कशाचे कारण शोधीत आहे? त्याची कोणती उत्तरे आजवर दिली गेली आणि ती कोठे अपुरी पडतात? माझ्या मुख्य शब्दांत कोणाचा निवाडा आधीच दडलेला आहे? माझे उत्तर खरे असेल तर मला काय दिसेल? ते खोटे असेल तर काय दिसेल? ही उत्तरे आपल्याला कळणाऱ्या मराठीत, आईला वाचून दाखविता येतील अशा शब्दांत आधी लिहावीत. विद्यापीठाची भाषा नंतर चढवावी. जी गोष्ट साध्या मराठीत सांगता येत नाही, ती बहुधा आपल्यालाच समजलेली नसते. आणि ज्या सिद्धांतकाराचे नाव विश्लेषणात पुन्हा येणार नाही, त्याचे नाव चौकटीतून काढून टाकावे.

समाजानेही आपला वाटा उचलावा. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याबरोबर एक-दोन दिवस १९१६ च्या निबंधासाठी राखावेत, आणि गावातील जो विद्यार्थी संशोधन करीत असेल त्याने आपली चौकट तेथे वाचून दाखवावी. ऐकावयास कोण असेल? ज्यांनी चांद्याची दीक्षा लहानपणी पाहिली किंवा आईबापांकडून ऐकली, जंगल तोडून बांध कोणी घातला हे ज्यांना माहीत आहे, अशी वृद्ध माणसे. तेराव्या नियमाप्रमाणे ज्यांचा जबाब पुरावा ठरतो, तीच ही माणसे होत. 'पोरा, असे नव्हते, आमच्या वेळी असे होते' असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटले, तर विद्यार्थ्याने ते लिहून घ्यावे आणि आपली चौकट पुन्हा तपासावी. परीक्षकांपुढे जाण्यापूर्वी तिची ही परीक्षा झालीच पाहिजे.

आपल्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते इतरांनी लिहिले. आता लेखणी आपल्या मुलांच्या हाती आली आहे. तिच्यातून उतरणारे कारण कोणाचे, हे पाहण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे. येत्या वर्षावासात किती विहार हे काम हाती घेतात, ते पाहावयाचे आहे.